टोपीवरच्या टीमचा ठावठिकाणा

मागच्या अंकात क्रिकेटच्या कांगा लीगमधल्या पावसाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकून गेलो होतो: आमच्या मॅचेस पावसानं थांबायच्या, पण अमेरिकेत पॉटकिट नावाच्या गावात बेसबॉलची एक मॅच पहाटे चार वाजता नाइलाजानं थांबवली होती. त्या एका वाक्यावर नऊ पत्रं आली. पावसावर एकही नाही. त्यामुळे यावेळचं सदर सगळं पॉटकिटचंच. ज्यांनी शिवाजी पार्कच्या खेळपट्टीबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर कळ सोसावी.

स्कोअररकाका, नमस्कार. माझा धाकटा मुलगा ऱ्होड आयलंडला असतो. गणपतीत आला तेव्हा त्यानं एक टोपी आणली, तिच्यावर 'पॉसॉक्स' असं लिहिलंय. आमचे हे ती घालून रोज दूध आणायला जातात. मुलगा म्हणतो, ही टीम आता नाही. सून म्हणते, आहे, दुसऱ्या गावी गेली. त्यावरून घरात रोज वाद. तुमच्या लेखात पॉटकिटचं नाव दिसलं म्हणून विचारते. टीम आहे की नाही?
— एक वाचक, चिंचपोकळी

वहिनी, सूनबाईंचं कागदोपत्री बरोबर आहे आणि मुलाचं मनातून. माझं मत विचाराल तर मी मुलाच्या बाजूचा.

पॉटकिट हे ऱ्होड आयलंड राज्यातलं पाऊण लाख वस्तीचं गाव. आपल्या हिशेबानं गावच, डोंबिवलीच्या एका कोपऱ्यात मावेल. स्पेलिंग पाहून आपण 'पॉटकेट' म्हणतो, तिथली माणसं 'पटकिट' म्हणतात. पॉटकिट रेड सॉक्सचं लाडकं नाव 'पॉसॉक्स'. इंग्रजीत 'पॉ' म्हणजे जनावराचा पंजा, म्हणून टीमचे मॅस्कॉट दोन पांढरी अस्वलं होती. मी 2012 च्या उन्हाळ्यात लेकीकडे गेलो होतो तेव्हा त्यातल्या एकानं माझ्याशी हात मिळवला. आत कुणीतरी घामाघूम पोरगा असणार, हात चांगलाच गरम लागला.

आता गावाबद्दल, कारण चिंचपोकळीच्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॉटकिट म्हणजे अमेरिकेचं गिरणगाव. सॅम्युअल स्लेटर नावाचा इंग्रज 1789 साली तिकडे गेला. सूतकताईच्या यंत्रांची माहिती इंग्लंडबाहेर न्यायला तेव्हा बंदी होती, म्हणून गड्यानं सगळं डोक्यात भरून नेलं. 1790 मध्ये पाण्याच्या जोरावर सूत निघालं आणि 1793 मध्ये नदीकाठी उभी राहिलेली त्याची गिरणी आजही तिथं म्युझियम म्हणून आहे. आपल्याकडे ताडदेवची पहिली गिरणी सुरू झाली 1856 मध्ये, म्हणजे पॉटकिट आपल्यापेक्षा साठेक वर्षांनी वडील. संपातही वडील बरं का. 1824 साली तिथल्या मालकांनी मजुरी कापली आणि वेळ वाढवली, तेव्हा शंभरावर विणकर बायका साचे सोडून बाहेर पडल्या. अमेरिकेतल्या कारखान्यातला तो पहिला संप मानतात.

पुढे गिरण्या दक्षिणेकडे स्वस्त मजुरीच्या मागे गेल्या आणि गावाकडे उरली ती रिकामी शेडं आणि एक स्टेडियम. मॅककॉय स्टेडियम 1942 साली उघडलं, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून, एका दलदलीच्या तळ्यावर भराव टाकून. आपल्याला भरावाचं काय कौतुक, आपण त्यावरच राहतो.

त्या मैदानावर आधी 'पॉटकिट स्लेटर्स' नावाची टीम होती, गिरणीवाल्या स्लेटरच्याच नावाची. 1946 ते 1949, चार वर्षं. ही मात्र खरोखर बुडाली, कारण तिची अख्खी लीगच बुडाली. 1949 साली अमेरिकेत लहानमोठ्या 59 लीग होत्या, इतक्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. मग घरोघरी टीव्ही आला. न्यूयॉर्क-बॉस्टनची मॅच कोचावर बसून दिसायला लागल्यावर गावच्या टीमला तिकीट काढून कोण जाणार?

रेड सॉक्सची टीम आली 1970 मध्ये आणि 1973 पासून 'ट्रिपल ए' दर्जाची झाली. म्हणजे बॉस्टनच्या मोठ्या टीमच्या अगदी खालची पायरी. पण मालक टिकेनात. 1976 च्या सुमारास टीम दिवाळखोरीत निघाली, बिचारीला एक वर्ष नावसुद्धा बदलून 'ऱ्होड आयलंड रेड सॉक्स' असं घेऊन बघावं लागलं. नाव बदलून नशीब पालटत नाही हे आपल्या कापडबाजारात कुणीही सांगितलं असतं.

1977 मध्ये टीम घेतली बेन मोंडोर यांनी. धंदा? कापड गिरण्यांचाच. क्यूबेकमध्ये जन्मलेला, वूनसॉकेटला वाढलेला माणूस. बेसबॉलमधलं फार काही कळत नव्हतं, पण धंदा कळत होता. त्यांनी शिवीगाळ करणारी दारुडी गर्दी मोडून काढली, मैदान झाडून-पुसून घेतलं, आणि तिकीट कायम इतकं स्वस्त ठेवलं की कामगाराला बायको-मुलांना घेऊन येता यावं. सुरुवातीला सबंध हंगामात सत्तर हजारांच्या घरात माणसं यायची. 2005 साली आकडा 6 लाख 88 हजारांवर गेला. गावच्या वस्तीच्या नऊपट! मोंडोर 2010 मध्ये वारले. 2012 ला मी गेलो तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, कुठून आलात? मुंबई म्हटल्यावर त्याला पुढं काही सुचेना. मी म्हटलं, मी गिरणीत होतो. मग मात्र तो दोन इनिंग माझ्याशी बोलत होता, कारण त्याची आई स्पिनिंगमध्ये होती.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना तोंड कडू होतं. 2015 साली नवे मालक आले, त्यात बॉस्टनच्या मोठ्या टीमचे तेव्हाचे अध्यक्ष लॅरी लुकिनो होते. त्यांना आधी शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये नवं स्टेडियम हवं होतं, ते झालं नाही. मग पॉटकिटमध्येच, स्लेटरच्या गिरणीजवळ, 83 दशलक्ष डॉलरचं स्टेडियम करायचं ठरत होतं. पैसे किती सरकारनं घालायचे आणि बुडाले तर कुणी भरायचे यावर दोनेक वर्षं खल झाला. 2018 च्या जूनमध्ये विधानसभेनं राज्याची हमी काढून घेऊन विधेयक मंजूर केलं. ऑगस्टमध्ये मालकांनी जाहीर केलं: आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला चाललो.

जाण्याआधीचा शेवटचा हंगाम 2020 चा होता. त्याला निरोप द्यायची तयारी गावानं केली असणार, पण कोविडमुळे हंगामच झाला नाही. म्हणून मालकांनी मैदानातल्या हिरवळीवर जेवणाची टेबलं मांडली आणि माणसं जिथं एरवी पाय ठेवू शकत नव्हती तिथं बसून जेवून गेली. कार्य रद्द झाल्यावर मांडवातच पंगत उठवावी तसं. 2021 पासून टीम 'वुस्टर रेड सॉक्स' नावानं खेळते. मॅककॉयवर हातोडा पडला, त्या जागी गावाचं हायस्कूल व्हायचं आहे.

तर सूनबाईंना सांगा, बिऱ्हाड हललं हे खरं, खेळाडू आणि लायसन्स वुस्टरला आहेत. पण टोपीवर जे नाव आहे ते तिकडे गेलेलं नाही. आणि दूध आणताना ह्यांना जपायला सांगा, तशी टोपी आता मिळायची नाही.

काका, बेसबॉल नऊ इनिंगचा असतो एवढं माहीत आहे. तुम्ही पहाटे चारपर्यंत म्हणता. हे कसं शक्य आहे? तुम्ही थोडं वाढवून तर नाही सांगत?
— एक कॉलेज विद्यार्थी, करी रोड

स्कोअररला 'वाढवून' म्हणणं म्हणजे वाण्याला 'वजनात मारलंस' म्हणण्यासारखं आहे, पण वय लहान म्हणून सोडतो.

आधी हिशेब. बेसबॉलमध्ये एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमनी एकेकदा बॅटिंग, प्रत्येकी तीन आउट होईपर्यंत. अशा नऊ. बरोबरी राहिली तर दहावी, अकरावी, आणि इनिंग संपताना कुणीतरी पुढे निघेपर्यंत चालूच. ड्रॉ नाही, बॅड लाइट नाही.

18 एप्रिल 1981, शनिवारची रात्र. पॉटकिट विरुद्ध रोचेस्टर. दिवे नीट लागेनात म्हणून मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली. प्रेक्षक 1,740. सातव्या इनिंगमध्ये रोचेस्टरनं एक रन काढली, नवव्यात पॉटकिटनं बरोबरी केली. आणि मग काहीच होईना. वारा उलट, मैदानाच्या आत येणारा, त्यामुळे उंच मारलेला बॉल हवेतच मागे ढकलला जायचा. थंडी अशी की खेळाडू पिंपात मोडक्या बॅटी जाळून हात शेकत होते. एकविसाव्या इनिंगला रोचेस्टर एक रननं पुढे गेलं, आता सुटलो असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात पॉटकिटच्या वेड बॉग्जनं डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारून पुन्हा 2-2 केली. तो पुढे सांगायचा की मला मिठी मारावी की ठोसा, हे आमच्याच पोरांना कळेना. बाविसाव्यात पॉटकिटचा मॅनेजर जो मॉर्गन अंपायरशी हुज्जत घालून बाहेर काढला गेला. तो घरी गेला नाही, मागच्या भिंतीतल्या भोकातून बघत बसला. मला त्याचं मन कळतं.

रात्री बारा वाजून पन्नास मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही असा त्या लीगचा नियम होता. पण त्या वर्षी अंपायरना मिळालेल्या नियमपुस्तिकेत तो छापायचाच राहिला होता! छापखान्यात चार वर्षं प्रूफं वाचलेल्या मला हे वाचून अंगावर काटा आला. एक ओळ गळाली आणि त्यापायी माणसं पहाटेपर्यंत खेळली. शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोन लावून लावून तीननंतर कधीतरी गाठलं, आणि चार वाजून सात मिनिटांनी, बत्तिसावी इनिंग संपल्यावर खेळ थांबवला. प्रेक्षक उरले होते 19. त्या 19 जणांना टीमनं हंगामाचा पास दिला. बाहेर पडले तेव्हा ईस्टरची सकाळ होत आली होती.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट लुई अपॉन्टेची. हा पॉटकिटचा पिचर, म्हणजे आपला बॉलर, चार इनिंग टाकून झाल्या म्हणून त्याला लवकर घरी सोडला. लवकर म्हणजे तीनच्या सुमारास. बायकोनं दार अडवून विचारलं, कुठं होतास? म्हणाला, मैदानावर. पहाटे तीन वाजता? तो म्हणाला, उद्याचा पेपर बघ. पण रविवारचा पेपर मॅच संपण्याआधीच छापून गेला होता, त्यात ओळसुद्धा नाही. बिचाऱ्याची सोमवारपर्यंत घरात काय अवस्था झाली असेल, हे तिसरी पाळी केलेल्या कुणाही माणसाला सांगायला नको.

उरलेली मॅच 23 जूनला. तोवर अमेरिकेत मोठ्या लीगच्या खेळाडूंनी संप पुकारला होता, 12 जूनपासून. देशभरच्या क्रीडा पत्रकारांना लिहायला मॅचच नव्हती, म्हणून सगळे त्या छोट्या गावात येऊन धडकले. स्टेडियम खचाखच. आणि खेळ संपला अठरा मिनिटांत. तेहतिसाव्या इनिंगला तिन्ही बेसवर पॉटकिटचे खेळाडू उभे, एकही आउट नाही, डेव्ह कोझानं डावीकडे बॉल मारला, मार्टी बॅरेट धावत घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पोचला की रन. 3-2. एकूण खेळ 8 तास 25 मिनिटांचा. अजून विक्रम मोडलेला नाही आणि मोडणारही नाही, कारण 2018 पासून मायनर, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या, लीगमध्ये जादा इनिंग सुरू करताना दुसऱ्या बेसवर एक माणूस आयता उभा करतात. लवकर निकाल लागतो. सोयीचं आहे, मला आवडत नाही.

त्या मॅचमधले दोघं, पॉटकिटचा बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकन, पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. बॉग्ज 12 वेळा बॅटिंगला येऊन 4 हिट, रिपकन 13 मध्ये 2. आणि ज्यानं मॅच जिंकून दिली तो कोझा? 14 मध्ये 5, दोघांपेक्षा सरस. पण मोठ्या लीगमध्ये तो एकही मॅच खेळला नाही.

मोठ्या टीमच्या खालच्या पायरीवर असणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गिरणीच्या गेटवर सकाळी सात वाजता बदली कामगार उभे असायचे. आज कुणी खाडा केला तर साचा मिळेल, नाही तर घरी. काही वर्षानुवर्षं उभे राहून परमनंट झाले. काही हातात कसब असून झाले नाहीत. कोझा त्यातला.

आता तू विचारलं नाहीस तरी सांगतो. आमच्या गिरणीची क्रिकेटची टीम होती, टाइम्स शील्डच्या खालच्या डिव्हिजनमध्ये. मी टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क आणि रविवारी स्कोअरर. 17 जानेवारी 1982, रविवार, आझाद मैदान. दुसऱ्या दिवशीपासून डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांचा संप होता, सगळ्यांना माहीत होतं, तरी मॅच खेळलो. आमच्या 4 बाद 112 झाल्या आणि दिवस संपला. साचेखात्यातला एक जॉबर, म्हणजे मुकादम, 41 वर नाबाद. उरलेली मॅच पुढच्या रविवारी.

18 तारखेला अडीच लाख माणसं बाहेर पडली. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला. निम्मी टीम गावी गेली होती, कुणी साताऱ्याला, कुणी मालवणला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही असं आजही म्हणतात. मॅचचंही तेच. स्कोअरबुक माझ्याकडे आहे, लाल कापडी पुठ्ठ्याचं, शिवण उसवलेलं. त्या पानावर जॉबरच्या नावापुढे शेवटची नोंद एक चौकार, मग एक टिंब, आणि पुढचे चौकोन कोरे. 'कसा आउट' या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही. काय लिहिणार? तो 1996 साली वारला, पण नाबाद आहे.

मराठी मासिकात अमेरिकेच्या बेसबॉलवर पानं खर्च करायचं कारण समजलं नाही. आपल्याकडे कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या मेल्या का?
— एक संतप्त वाचक, गिरगाव

मेल्या नाहीत, पण आट्यापाट्या तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या ते कळवा. पुढच्या अंकाचं पान तुमच्या पत्राला देतो.

मायनर लीगच्या टीमला पैसा कुठून येतो? बॉस्टनसारखी श्रीमंत टीम मागे असताना पॉटकिटच्या टीमला गाव का सोडावं लागलं?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, माहीम

प्रश्न बँकेतल्या माणसाचाच आहे. ही गोष्ट तिकडच्या बऱ्याच लोकांनाही नीट ठाऊक नसते.

खेळाडू आणि कोच यांचा पगार वरची टीम देते. कोण खेळणार, कोण वर जाणार, कोणाला काढायचं, हेही वरचीच ठरवते. खालच्या मालकाकडे राहतं मैदानाचं भाडं, तिकीट, पार्किंग, टोप्या, हॉट डॉग आणि बिअर. म्हणजे सामान दुसऱ्याचं, दुकान आपलं. हंगामाच्या मध्यावर तुमचा सर्वांत चांगला खेळाडू वर बोलावला जातो आणि तुम्हाला टाळ्या वाजवून पाठवावं लागतं. रॉजर क्लेमन्स 1984 मध्ये काही आठवडेच पॉटकिटला होता, अलीकडे मूकी बेट्स 2014 मध्ये तसाच. लोक म्हणतात, आम्ही त्याला आधी पाहिलं. तेवढीच कमाई.

अशा धंद्यात नफा स्टेडियममधून येतो, खेळातून नव्हे. मोंडोर यांना तो नफा सहा डॉलरच्या तिकिटातून, भरलेल्या खुर्च्यांतून पुरत होता. नव्या मालकांना हवी होती काचेची कक्षं, शेजारी दुकानं, वरती फ्लॅट. जुनं मैदान वस्तीच्या मधोमध, भोवती घरं, त्यात यातलं काही बसत नव्हतं. मग जो गाव सरकारी पैशातून नवं मैदान बांधून देईल तिकडे जायचं. वुस्टरनं बांधून दिलं. गावकऱ्यांवर मी दोष ठेवणार नाही. ज्यांच्या गिरण्या गेल्या, ज्यांचं इस्पितळ बंद झालं, ते बेसबॉलसाठी कर्जाची हमी देताना दहादा विचार करणारच. मालकांवर थोडा ठेवतो. गिरणीच्या जमिनीचा भाव कापडापेक्षा जास्त झाला की पुढं काय होतं, हे लोअर परळच्या पुलावर उभं राहून दिसतं.

एक दुरुस्ती मात्र. काही जण पॉटकिटला त्या मोठ्या कपातीत धरतात, ते चूक. 2020 नंतर मोठ्या लीगनं आपल्याशी जोडलेल्या मायनर टीम 160 वरून 120 वर आणल्या आणि कितीतरी गावांची टीम एका फटक्यात गेली. पॉटकिटचा निर्णय त्याआधी दोन वर्षं झाला होता.

तुम्ही तिथं मॅच पाहिलीत तेव्हा खेळाडूची सही मिळाली का?
— इयत्ता आठवी, परळ

मला नाही, माझ्या नातवाला मिळाली, आणि कशी ते ऐक. मॅककॉयमध्ये खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या बरोबर खाली, आत ढकललेली होती. पहिल्या रांगेत बसलं तरी खेळाडू दिसत नाही, तो तुमच्या पायाखाली असतो. म्हणून तिथल्या पोरांनी युक्ती काढली होती. दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, त्याला पोटाशी खिडकी कापायची, आत बॉल आणि पेन ठेवायचं, मुठीला दोरी बांधायची आणि कठड्यावरून खाली सोडायचं. गळ टाकून बसतात तसं. खाली कुणाच्या मनात आलं तर तो बॉल काढतो, सही करतो, परत ठेवतो आणि दोरीला हिसका देतो.

नातवानं चार इनिंग कॅन लोंबकळत ठेवला. दोरी म्हणून माझ्या पायजम्याची नाडी नेली होती, कारण घरात दुसरं काही सापडलं नाही. पाचव्या इनिंगला हिसका आला. ओढून पाहिलं तर बॉलवर सही होती आणि पेन गायब! कुणाची सही ते आम्हाला आजतागायत लागलेलं नाही, अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट. नाडी मी परत आणली.

बेसबॉलच्या स्कोअरशीटमध्ये इंग्रजी 'के' अक्षर असतं, कधी सरळ, कधी उलटं. ते काय?
— शालेय क्रिकेटचे एक स्कोअरर, प्रभादेवी

वा, आपल्यातला भेटला! तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. सरळ 'के' म्हणजे बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवून हुकला. उलटा 'के' म्हणजे नुसता बघत उभा राहिला आणि अंपायरनं आउट दिला. आपल्याकडे शॉट न खेळता त्रिफळा उडाला तरी कागदावर साधं 'बो.' लिहून माणसाची अब्रू झाकतो, तिकडे उलटं अक्षर कायमचं राहतं.

ही खूण हेन्री चॅडविक यांची. जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, 1824 चा. लहानपणी अमेरिकेला गेले आणि आधी वर्तमानपत्रात बातम्या द्यायचे त्या क्रिकेटच्या! बेसबॉलकडे नंतर वळले. मॅचचा गोषवारा चौकटीत मांडायची तिकडची पद्धत त्यांनीच रुळवली. 'एस' अक्षर दुसऱ्या कामाला लागलेलं होतं, म्हणून त्यांनी 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर उचललं.

तुम्हाला सराव करायचा असेल तर नऊ इनिंगचा छापील कागद घेऊ नका. साधी आडव्या-उभ्या रेघांची वही घ्या आणि उजवीकडे भरपूर जागा सोडा.